वसाहतीची दुसरी पसंती

पत्र फिडेल्मा टूहीने स्वतः लिहिलं होतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे किलब्रॅक गावात ज्याने त्याने आपापली कहाणी रचली. कुणी म्हणे पक्षाने दमदाटी करून लिहून घेतलं, कुणी म्हणे सही खोटी. सही खरी होती आणि मजकूरही तिचाच होता. उलट मॅलकी गार्वीने आणलेला मसुदा तिला कोरडा वाटला, म्हणून तिने तो खोडून पुन्हा लिहिला. ‘माझ्या शेजाऱ्यांनो, तुमच्या जिवावर या वेळी माझी जागा पक्की आहे,’ हे वाक्य कागदावर उतरलं तेव्हा तिने ते दोनदा वाचलं, आणि तिला बरं वाटलं.

मॅलकी हा पक्षाचा निवडणूकप्रमुख. एरवी तो गुरांच्या बाजारात लिलाव पुकारायचा आणि माणसांकडेही त्याच नजरेने पाहायचा. मतदानाच्या तीन आठवडे आधी हॉटेलच्या मागच्या खोलीत त्याने फिडेल्माला आणि काहल ब्रॉडरिकला बोलावून घेतलं. टेबलावर भाजीचं सूप होतं आणि सोडा-ब्रेड होता. फिडेल्मा पाच वर्षं खासदार होती, मागच्या खेपेला मतदारसंघात पहिली आली होती. काहल हा पक्षाचा दुसरा उमेदवार, पहिल्यांदाच उभा. तीन जागांपैकी दोन आपल्या आणायच्या असं पक्षाने ठरवलं होतं.

“पाहणी तुझ्यासमोर आहे,” मॅलकी म्हणाला. “कोटा भरून तुझी दोन हजार मतं वर उरतात. त्यांचं काय लोणचं घालणारेस?”

“म्हणून माझ्या घरची मतं द्यायची?”

“घरची सगळी कोण मागतंय बाई? सेंट ब्रेंडन्स वसाहतीच्या खालच्या दोन गल्ल्या. तिथे एक पत्र टाकायचं, तुझ्या सहीचं. पहिली पसंती काहलला, दुसरी तुला. बाकी वसाहत तुझीच.”

“लोकांना आवडणार नाही.”

“तू सांगितलंस तर आवडेल. त्या वसाहतीत तुझा शब्द पाद्र्यापेक्षा जास्त चालतो, हे काय मी सांगायला पाहिजे?”

हे मॅलकीने बरोबर ओळखलं होतं. फिडेल्माला पैशाने कुणी विकत घेतलं नसतं, पण तिला कुणी मोठ्या मनाची म्हटलं की ती विरघळायची. काहल मात्र त्या सबंध बैठकीत खाली मान घालून सूपमध्ये ब्रेड बुडवत राहिला.

आपल्याकडची मतदानाची रीत अशी की एकच नाव निवडून भागत नाही. मतदार उमेदवारांच्या नावापुढे एक, दोन, तीन असे पसंतीचे आकडे घालतो. एकचा माणूस बाद झाला, किंवा त्याची मतं कोट्याच्या, म्हणजे निवडून यायला लागणाऱ्या आकड्याच्या, वर गेली, तरच दोनच्या आकड्याकडे कुणी बघतं. तसं झालं नाही तर तो आकडा कागदावर तसाच राहतो. हे फिडेल्माला तोंडपाठ होतं. क्लबातल्या पोरांना तीच हे शिकवायची, चॉकलेटांची निवडणूक लावून.

तो क्लब म्हणजे तिचं खरं आयुष्य. खासदार व्हायच्या आधी सतरा वर्षं ती काउंटीच्या युवा सेवेत होती. बंद पडलेल्या दूध डेअरीत तिने वसाहतीतल्या पोरांसाठी क्लब उघडला, तेव्हा तिच्याकडे एक पाय आखूड असलेलं पूल टेबल, एक टोस्टर आणि एक छत्री होती. छत्री यासाठी, की छप्पर गळायचं. वरच्या ऑफिसातून लोक यायचे आणि पोरांसाठी मार्गदर्शनपर व्याख्यानं ठेवा म्हणायचे. ती म्हणायची, पोरांना मार्गदर्शन नको असतं, टोस्ट हवा असतो. टोस्ट खाता खाता ती बोलायला लागतात, मग आपण गप्प बसायचं. इतकं साधं कसब होतं तिचं, आणि ते कुणाला जमायचं नाही.

काहल तिच्याकडे आला तो तेराव्या वर्षी, पोलीस ठाण्यातून. कुणाचा तरी ट्रॅक्टर पळवून त्याने धक्क्यापर्यंत नेला होता आणि पुढची चाकं पाण्यात गेली होती. बाप इंग्लंडला जाऊन तिकडचाच झालेला, आई घराबाहेर पडत नसे. ठाण्यात चार तास लाकडी बाकावर बसून फिडेल्माने सार्जंटचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठे पोरगं ताकीद देऊन सुटलं. त्यानंतर ते रोज क्लबात यायला लागलं. वादविवादाला त्याला तिने उभं केलं, त्याचा टाय तिने बांधला, कॉलेजचा अर्ज तिच्या स्वयंपाकघरात भरला गेला. स्वतःचं पोर नसलेल्या बाईने एवढं करावं आणि त्यात काही गुंतू नये, असं होत नाही.

तिने त्याला आणखीही एक गोष्ट शिकवली होती. आपल्याकडे राजकारणी माणसाला मयताला जावंच लागतं, रोज गेला तरी थोडं. रांगेत उभं राहायचं. उजव्या हाताने हात हातात घ्यायचा, डावा हात समोरच्याच्या कोपराखाली धरायचा, मनात तीन आकडे मोजायचे आणि गेलेल्याचं नाव घेऊन म्हणायचं, तुमच्या दुःखात आम्ही आहोत. घाई करायची नाही, घड्याळाकडे बघायचं नाही. काहल पहिल्या मयताला आला तेव्हा त्याने सगळं इतकं बिनचूक केलं, की तिला कौतुक वाटलं आणि जरा भीतीही वाटली. भीती तिने मनावर घेतली नाही.

आता या वेळी तिला ही जागा हवी होती, अगदी मनापासून हवी होती. यात लपवण्यासारखं काही नाही. युवा सेवेची नोकरी तिने सोडून दिली होती. क्लबाच्या नव्या इमारतीची फाइल डब्लिनमधल्या एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर ढकलत तिने तीन वर्षं काढली होती, आणि ती आता शेवटच्या टेबलावर होती. शिवाय चोपन्नाव्या वर्षी आपण कुणाला तरी हवे आहोत याचा तिच्याकडे एवढा एकच पुरावा होता.

मोजणी शनिवारी क्रीडासंकुलात होती. उमेदवाराने सकाळी मोजणीला यायचं नसतं. दुपारी, सगळं कळल्यावर, केस विंचरून यायचं असतं. पण वसाहतीची पेटी पहिल्या तासात उघडणार म्हणून फिडेल्मा नऊलाच पोचली. कठड्यापलीकडे कारकून मतपत्रिका उलगडून सुलट्या ठेवत होते. अलीकडे सगळ्या पक्षांचे टॅलीवाले कठड्यावर वाकून, पेन्सिलीने रेघा मारत, कुठल्या पेटीने कुणाला किती दिली ते टिपून घेत होते. या कामात हाडवैरीसुद्धा एकमेकांना आकडे विचारतात. फिडेल्माने एकाची कागद लावलेली पाटी आणि पेन्सिल मागून घेतली आणि स्वतः वाकली.

पहिला कागद उघडला. काहलला एक, फिडेल्माला दोन. दुसरा कागद, काहलला एक, फिडेल्माला दोन. खालच्या गल्ल्या आधी आल्या असतील, असं तिने मनाशी म्हटलं. पेटीत कागद गल्लीवार रचलेले नसतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तरी ती रेघा मारत गेली. चार उभ्या, एक आडवी. काहलच्या रकान्यात जागा संपली तेव्हा तिने पान उलटलं. तिच्या बाजूचा टॅलीवाला विरोधी पक्षाचा होता, तिच्यावर वर्षानुवर्षं पत्रकं काढलेला. त्याने तिच्या पाटीकडे पाहिलं आणि स्वतःची पेन्सिल कानावर ठेवून दिली.

“बाई,” तो हळूच म्हणाला, “तुमच्या वसाहतीनं तुम्हाला टाकलं की काय?”

“नाही,” ती म्हणाली. “माझं ऐकलं.”

पेटी संपली. काहलला दोनशे एकावन्न, तिला अठ्ठेचाळीस. मागच्या खेपेला याच पेटीत तिची तीनशेच्या आसपास होती.

चहाच्या खिडकीशेजारच्या बोळात तिने काहलला गाठलं. नवा निळा कोट होता अंगात. त्याने दोन कागदी पेले घेतले आणि एक तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला नाही.

“पत्र किती घरांत गेलं, काहल?”

“पोरांनी वाटलं गं, फिडी. त्यांना काय कळतंय कुठली गल्ली कुठे संपते.”

“तू त्या वसाहतीत वाढलास. कोणती गल्ली कुठे संपते ते तू झोपेत सांगशील.”

“बरं मग,” तो म्हणाला आणि पेले खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले. “चारशे घरांत गेलं. सगळीकडे. मीच टाकलं, माझ्या हातानं.”

“मॅलकीला माहीत होतं?”

“मॅलकीला आकडे माहीत असतात.”

तिला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. इतक्या वर्षांत तिने कुठल्याही पोरावर हात उगारला नव्हता.

“मी तुला आज विचारलं नसतं तर सांगणार होतास?”

“तू मला डिनीबद्दल कधी सांगितलंस?”

डिनी मलक्वीन हा वसाहतीचा जुना कौन्सिलर. तीस वर्षं त्या भागात त्याचं नाव होतं. फिडेल्मा पहिल्यांदा काउंटी कौन्सिलला उभी राहिली तेव्हा त्यानेच तिचं नाव पक्षात सुचवलं होतं. आणि ती दारोदार सांगत फिरली होती, डिनीचं काय, तो येणारच आहे, त्याची काळजी नको, पहिलं मत मला द्या. ‘डिनी सेफ आहे’ एवढे तीन शब्द. डिनी पडला. दोन वर्षांनी गेला. मयताच्या रांगेत ती उभी राहिली होती, त्याच्या बायकोचं कोपर धरून तिने मनात तीन आकडे मोजले होते.

“तेव्हा पत्रकांची पिशवी माझ्या खांद्यावर होती,” काहल म्हणाला. “सतरा वर्षांचा होतो. मला वाटलं होतं, केवढी हुशार आहे ही बाई.”

“मी डिनीच्या सहीचं पत्र नाही काढलं.”

“नाही. तू नुसतं तोंडानं सांगितलंस.” तो ओशाळलाही नाही आणि खूशही दिसला नाही. “चहा घे, निवतोय.”

पत्रकारांकडे जाऊन ती काय सांगणार होती? की माझ्या सहीचं, माझ्या हातचं, माझंच पत्र माझ्याच माणसांनी वाचलं? ती तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली. पोरांना टोस्ट देऊन आपण गप्प बसायचो, पोरं सगळं बोलून टाकायची आणि आपल्याला वाटायचं आपल्याला सगळं कळलं. हे पोर त्या वेळी बोलत नव्हतं, बघत होतं.

दुपारपासून फेऱ्या सुरू झाल्या. एकेक किरकोळ उमेदवार बाद होत गेला, त्यांची मतं वाटली गेली. पहिल्या दोन जागा दुसऱ्या पक्षांनी नेल्या. सहाव्या फेरीला, संध्याकाळी सहाच्या सुमाराला, शेवटच्या जागेसाठी तिघं उरले. फिडेल्मा, काहल, आणि समोरच्या पक्षाचा एक शेतकरी संघटनेचा गडी. तिघांत फिडेल्मा तळाला होती. काहलपेक्षा सदतीस मतांनी मागे.

“एकदा बंडलं पुन्हा मोजा,” ती म्हणाली.

मॅलकी धावत आला. “कशाला गं? जागा पक्षाची येतेच आहे, तुझ्या नाहीतर त्याच्या नावाने. विनाकारण तमाशा.”

“तुझी गुरं तू मोजतोस की नाही, मॅलकी? मग मलाही मोजू दे.”

बंडलं पुन्हा मोजली. तास गेला. सदतीसचे छत्तीस झाले. एक मत तिला परत मिळालं आणि ते घेऊन ती बाद झाली.

मग पुढची तऱ्हा. बाद झालेल्याच्या मतपत्रिका टाकून देत नाहीत, त्यांवरचे दोनचे आकडे बघून पुढे वाटतात. फिडेल्मा कठड्याशी उभी राहून बघत होती. तिच्या नावाच्या खणातून रबर लावलेली बंडलं एक पोरगेली कारकून मुलगी उचलत होती आणि काहलच्या खणात नेऊन ठेवत होती. तिला मत देणाऱ्यांनी इमानाने पक्षाच्या दुसऱ्या माणसाला दुसरी पसंती दिली होती. मुलीच्या सात खेपा झाल्या. त्या सात खेपांवर काहल शेतकरी गड्याच्या पुढे गेला आणि खासदार झाला. आणि त्याच्या खणात, वसाहतीच्या अडीचशे कागदांवर, फिडेल्माच्या नावापुढे घातलेला दोनचा आकडा होता. काहल बाद झाला नाही, कोट्याच्या वरही गेला नाही. त्यामुळे तो आकडा कुणी बघायचं कारणच उरलं नाही.

तिला आणखी सदतीस मतं मिळाली असती तर काहलची बंडलं तिच्याकडे आली असती. हा हिशेब तिने उभ्या उभ्या केला आणि पुढे कित्येक महिने करत राहिली.

काहलला पोरांनी खांद्यावर घेतलं. त्यातले चारजण क्लबातले होते, आता बायकापोरांचे धनी झालेले. एकाने खांद्याखालून फिडेल्माकडे पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली. मग लोक तिच्याकडे यायला लागले. रांग लावायची कुणी ठरवली नव्हती, पण लागली. एकेकजण यायचा, हात हातात घ्यायचा, ‘वाईट झालं, फिडेल्मा’ म्हणायचा आणि पुढे सरकायचा. मयताला जशी आपण तोंडं करतो तशी सगळ्यांची तोंडं होती. आयुष्यात शेकडो मयतं करून आलेल्या बाईला रांगेच्या या टोकाला उभं राहणं काय असतं ते आज कळलं.

रांगेत काहल आला. कॅमेरे त्याच्या मागोमाग आले. त्याने उजव्या हाताने तिचा हात घेतला, डावा हात तिच्या कोपराखाली धरला. तो मनात मोजतोय हे तिला दिसलं. एक, दोन, तीन.

“फिडेल्मा,” तो म्हणाला, “तुझ्या दुःखात आम्ही आहोत.”

“घड्याळाकडे बघितलंस,” ती म्हणाली.

त्याने बघितलं नव्हतं. पण तो दचकला, आणि सबंध दिवसात तेवढंच काय ते तिच्या पदरात पडलं.

दाराजवळच्या बाकावर सेंट ब्रेंडन्सच्या सहा बायका सकाळपासून बसल्या होत्या. मधोमध कॉन्सेप्टा फाही, वय एक्याऐंशी, चर्चमध्ये मिसाला जायचा कोट घातलेली, मांडीवर थर्मास आणि चंदेरी कागदात गुंडाळलेली हॅम सँडविचं. फिडेल्माची आई गेली तेव्हा आठ दिवस जेवण याच बाईच्या घरून आलं होतं. फिडेल्माला तिला टाळून बाहेर पडायचं होतं, पण दार एकच होतं.

“ये गं पोरी, खा काहीतरी. सकाळपासून उपाशी असशील,” कॉन्सेप्टा म्हणाली. “त्या कर्ण्यातून काय बोलतात, खरखर नुसती, काही म्हणून कळत नाही. काहलला उचलला ना पोरांनी? म्हणजे तो आला.”

“आला.”

“म्हटलंच मी. तुझ्या पत्राबरहुकूम केलं सगळ्यांनी. आमचा जावई ऐकेना बघ. म्हणे मी फिडेल्मालाच देणार, त्या काहलला देणार नाही, त्याच्या डोळ्यांत काहीतरी आहे. मी त्याला दारात अडवलं. म्हटलं, तिनं शब्द टाकलाय आपल्यावर, मोडशील तर घरात पाय ठेवू नकोस. शेवटी दिलं त्यानं. एक त्याला आणि दोन तुला.”

“चांगलं केलंत.”

“तीच तुझी खालच्या गल्लीतली मेव्ह, तिला तर हात धरून नेली केंद्रावर. कंबर गेलीय तिची.” शेजारी बसलेल्या मेव्हने मान डोलावली. “बरं, मला हे सांग. त्याचे एकचे आकडे तर मोजून झाले. आता तुझे दोनचे कधी मोजायला घेणार?”

फिडेल्माने कठड्याकडे पाहिलं. कारकून मुलगी काहलच्या खणातली बंडलं खोक्यात रचत होती. दुसरा एकजण खोक्याला चिकटपट्टी लावत होता आणि वर शिक्का मारत होता.

“घेतीलच आता,” ती म्हणाली. “तुम्ही निघा, साडेआठची बस जाईल. मी घरी येऊन सांगते.”

“बस जाऊ दे गं. एवढं केलंय तर बघूनच जातो,” कॉन्सेप्टा म्हणाली, बाकावर जरा सरकली आणि तिच्या हातात सँडविच दिलं.

फिडेल्मा बसली. सहा बायका कठड्याकडे तोंड करून थांबल्या होत्या, आणि ती त्यांच्याबरोबर थांबली.